पाच मिनिटांची गाडी

सोमवार. सकाळचे पावणेदहा. नळस्टॉपचा सिग्नल. सव्वादहाला डेक्कनला मीटिंग, फोनवर एडिटरचे तीन मिस्ड कॉल आणि डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा. इंजिनाच्या आकाराचा.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मीही तेच म्हटलं होतं. तो दिवा पेटलेला ठेवून मी तीन आठवडे अख्खं पुणं फिरले. मोबाइलची बॅटरी वीस टक्क्यांवर आली की माझा जीव खालीवर होतो; पण गाडी काहीतरी सांगतेय म्हटल्यावर? बघू नंतर! फ्रीलान्सरच्या आयुष्यात 'नंतर' नावाचा एक मोठा माळा असतो. अडकलेली पेमेंट्स, दाढेचं रूट कॅनॉल, इन्कम टॅक्स, साताऱ्याला घरी जाणं... सगळं त्या माळ्यावर. तिथंच हा दिवाही गेला.

गाडी तशी माझी नाहीच, बाबांची. २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, चंदेरी रंगाची. मागच्या दिवाळीत त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "मला आता कुठं जायचंय? तुला रात्री-अपरात्री यावं लागतं. घेऊन जा." मीटरवर आकडा होता अडतीस हजार किलोमीटर. मैत्रिणींनी पार्टीच मागितली. सिंगल ओनर, कमी चाललेली, घरासमोर झाकून ठेवलेली गाडी म्हणजे सेकंडहँडच्या बाजारातली लॉटरी!

'कमी चाललेली' हाच तिचा आजार आहे, हे कळायला मला आठ महिने लागले.

आधी पिकअप गेला. चांदणी चौकाच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी दमेकऱ्यासारखी करायची. मागून बस यायची, हॉर्न मारायची, आणि मी पाय आणखी खाली दाबून मनातल्या मनात तिला ढकलायचे. मग मायलेज उतरलं. सोळावरून थेट अकरावर. मग वास. कुजक्या अंड्यासारखा. पुण्यात असा वास आला की पहिला संशय नाल्यावर जातो, त्यामुळे मी काचा वर करून निवांत होते. पण काचा वर केल्यावरही वास येतोय, आणि नाला मागे टाकून दोन किलोमीटर झाले तरी येतोय, हे एक दिवस डोक्यात शिरलं.

तरी मी गॅरेजला गेले नाही. गेले ते पीयूसी संपलं म्हणून.

पंपाशेजारच्या पीयूसी व्हॅनमधल्या मुलाने सायलेन्सरमध्ये नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं आणि नळी काढली. "फेल आहे मॅडम." आमच्यासारख्या बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. माझी गाडी दोन्हीकडे नापास. शाळेत मी गणितातही एवढी वाईट नापास झाले नव्हते. मुलगा हळूच म्हणाला, "करून देऊ का? थोडे जास्त लागतील."

खोटं कशाला बोलू? माझा हात पर्सकडे गेला होता. मी "गॅरेजला दाखवून येते" म्हणाले, ते काही फार तत्त्वाचं म्हणून नव्हे. पर्समध्ये सुट्टे नव्हते म्हणून.

कट टू आमच्या सोसायटीजवळचं गॅरेज. तिथल्या पोराने गाडी रेस केली, सायलेन्सरपाशी हात धरला आणि निदान सांगून टाकलं. "मॅडम, कॅट चोक झालंय."

मी दचकून बॉनेटकडे बघितलं. आमच्या पार्किंगमध्ये मांजरांची सहा पिल्लं आहेत हो!

"ते मांजर नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या आधी एक डबा असतो, त्यात जाळी असते. ती जाळी फोडून काढतो, डबा परत वेल्ड करतो. बाहेरून कळणार पण नाही. दोन हजार. आणि जाळीचे पैसे वर मीच तुम्हाला देतो."

गाडी दुरुस्त होणार आणि वर पैसे मिळणार! माझा विश्वास बसेना, म्हणून मी घरी येऊन वाचायला बसले. मास कॉमच्या डिग्रीने नोकरी दिली नाही, पण कोणी काही फुकट देतोय म्हटल्यावर 'का?' विचारायची खोड तेवढी लावली.

तर फंडा असा. त्या डब्यात सिरॅमिकची एक वीट असते, मधाच्या पोळ्यासारखी, आरपार बारीक बारीक भोकांची. त्या भोकांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर असतो. इंजिनातून येणारा विषारी धूर या भोकांतून जाताना बदलतो. कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, नायट्रोजनच्या ऑक्साइड्सचा साधा नायट्रोजन होतो. दहावीच्या सायन्सला 'उत्प्रेरक' शिकलो होतो ना? स्वतः न बदलता दुसऱ्याला बदलायला लावणारा. तोच हा. ठणठणीत असला तर त्यातून जाणारे हे विषारी वायू नव्वद टक्क्यांहून जास्त कमी होतात.

याची कल्पना गाडीसाठी प्रत्यक्षात आणायला धडपडला तो यूजीन हूड्री नावाचा फ्रेंच इंजिनीअर. अमेरिकेत पेट्रोल शुद्धीकरणात नाव काढलेला हा माणूस लॉस एंजेलिसच्या धुरक्याच्या बातम्यांनी अस्वस्थ झाला आणि १९५०च्या दशकात त्याने कन्व्हर्टरचं पेटंट घेतलं. पण तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घालत. शिशाचा थर बसला की हे धातू कायमचे निकामी. त्यामुळे हूड्रीचं यंत्र तसंच पडून राहिलं. १९६२ साली तो गेला आणि अमेरिकेतल्या नव्या गाड्यांमध्ये कन्व्हर्टर सर्रास दिसू लागले ते १९७५च्या मॉडेल्सपासून. आपल्याकडे एप्रिल १९९५मध्ये चार महानगरांतल्या नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, त्याच्यासाठी शिसंविरहित पेट्रोलही तेव्हाच तिथं आलं. देशभरातलं शिसंवालं पेट्रोल बंद व्हायला फेब्रुवारी २००० उजाडलं. म्हणजे माझ्या जन्माच्या आसपासपर्यंत आपण शिशाचा धूर ओढत होतो!

आणि गॅरेजवाल्याची दिलदारी? २०२१मध्ये ऱ्होडियमचा भाव औंसाला जवळपास २९ हजार डॉलरपर्यंत गेला होता. तिथून तो बराच उतरला, पण जाळीचं भंगार म्हणजे आजही कमाई. उभ्या गाड्यांखालून आख्खे सायलेन्सर कापून नेल्याच्या बातम्या आपल्याकडेही येतात, त्या याच जाळीपायी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनीने बसवलेली ही वस्तू काढून गाडी रस्त्यावर आणणं बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा.

मग सर्व्हिस सेंटरला फोन केला. नवा कन्व्हर्टर बसवायचे बेचाळीस हजार. मी फोन ठेवला आणि हिशेब केला. चौदा लेख. तेही पैसे वेळेवर आले तर.

एका बाजूला बेचाळीस हजार खर्च, दुसऱ्या बाजूला दोन हजारात काम आणि वर कमाई. खरं सांगते, त्या रात्री मी दुसरी बाजू जवळजवळ पक्की केली होती. सगळेच करतात. माझ्या एका गाडीने पुण्याच्या हवेचं असं काय वाकडं होणार आहे? आपला धूर आपल्याला दिसत नाही. तो मागच्या स्कूटरवर पुढ्यात उभं राहिलेल्या शाळेच्या पोराच्या नाकात जातो, आणि आपण तोवर पुढच्या सिग्नलला पोचलेलो असतो.

अडले ते एका साध्या गोष्टीवर. गाडीचे कागद अजून बाबांच्या नावावर होते. ट्रान्स्फरही माळ्यावरच! म्हणजे ते सेटिंगचं पीयूसी बाबांच्या गाडीचं निघणार. बाबांनी अख्खी नोकरी जिल्हा परिषदेच्या अकाउंट्सला काढली. बेरीज स्वतः केल्याशिवाय सही न करण्याबद्दल ते ऑफिसात बदनाम होते. आई चिडायची, "तुमच्या एका सहीपायी घरी यायला रात्रीचे नऊ!" त्या माणसाच्या नावावर मी सव्वाशे रुपयांचा खोटा कागद काढणार होते.

सकाळी त्यांचा फोन आला. आमचा रोजचा फोन, साडेआठचा, पाच मिनिटांचा. जेवलीस का, पाऊस आहे का, काम कसं चाललंय, ठेवू का. त्या दिवशी मी मध्येच म्हटलं, "बाबा, तो कन्व्हर्टर काढूनच टाकू का? गॅरेजवाला म्हणतोय."

"काढून टाकायचा होता तर कंपनीने बसवला कशाला?" बाबा म्हणाले. "अगं, एका डॉक्टरचं ऐकून कुणी ऑपरेशन करतं का? दुसऱ्याला दाखव."

दुसरा डॉक्टर भेटला सिंहगड रोडच्या एका बोळात. साठीचे काका, डोळ्यांवर चष्मा, चष्म्याला दोरी. एका मैत्रिणीच्या भावाने पाठवलं होतं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "ताई, रोज किती चालते गाडी?"

"कोथरूड ते डेक्कन. कधी एरंडवणे."

"आणि त्याआधी?"

"साताऱ्याला बाबांकडे होती. फारशी चालत नव्हती."

मग त्यांनी स्कॅनर जोडला. दोन कोड आले. पी ०३०२ म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही. "पहिलं गॅरेज दुसऱ्या कोडच्या मागं लागलं," काका म्हणाले. "आपण पहिला कोड बघू. कन्व्हर्टर आपणहून सहसा बिघडत नाही. त्याच्या आधी कुणीतरी बिघडलेलं असतं."

चारी स्पार्क प्लग बाहेर काढले. चारीच्या चारी काळेकुट्ट. काजळाच्या डबीत बुडवून काढल्यासारखे.

"ही गाडी चालत नव्हती ताई. नुसती सुरू व्हायची." काकांनी एक प्लग माझ्यासमोर धरला. "रोज सकाळी सुरू करायचे, पाच मिनिटं ठेवायचे आणि बंद. बरोबर?"

मी नाही म्हणणार होते. आणि एकदम आठवलं. माझे साडेआठचे फोन! गेली कित्येक वर्षं बाबांच्या आवाजामागे एक घरघर असायची. मला वाटायचं मिक्सर असेल, पाण्याची मोटर असेल. ती गाडी होती.

काकांनी मग ते नीट समजावलं. थंड इंजिनाला सुरुवातीला जास्त पेट्रोल लागतं. ते सगळं जळत नाही. काही काजळी होऊन प्लगवर बसतं, काही धुराबरोबर पुढे जातं. पुढे कन्व्हर्टर असतो, पण तो काम सुरू करतो अडीचशे-तीनशे डिग्री सेल्सिअसला तापल्यावर. उभ्या गाडीच्या पाच मिनिटांत तो नीट तापतच नाही. म्हणजे रोज काजळी आत जाते आणि ती जाळून टाकायला लागणारी उष्णता कधीच येत नाही. वर बॅटरीही फारशी चार्ज होत नाही, ज्यासाठी हा सगळा खटाटोप. मग काळे झालेले प्लग मधूनच ठिणगी चुकवायला लागतात. न जळलेलं पेट्रोल तसंच कन्व्हर्टरमध्ये जातं. हे चक्र बाबांकडे सुरू झालं आणि पुण्यात मी सिग्नल ते सिग्नल चालवून ते पुरं केलं.

"साफ होईल?" मी विचारलं.

"ते बघायला लागेल. सगळेच साफ होत नाहीत."

काकांच्या मते बिघडलेले कन्व्हर्टर तीन जातींचे. पहिला काजळीने भरलेला. हा साफ होऊ शकतो. दुसरा विष बसलेला. इंजिन ऑइल पीत असेल तर ऑइलमधलं फॉस्फरस आणि झिंक धातूंवर जाऊन बसतं. ते साफसफाईने निघत नाही. तिसरा वितळलेला किंवा फुटलेला. मिसफायर होत असताना गाडी तशीच दामटली की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि जाळीच वितळते. दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या कन्व्हर्टरवर क्लीनर ओतणं म्हणजे पैसे ओतणं. तो बदलायचाच.

"दिवा नुसता पेटलेला होता की लुकलुकत होता?" त्यांनी विचारलं.

"पेटलेला."

"वाचलात. लुकलुकला की समजायचं, जोरात मिसफायर आहे. पाय काढायचा, गाडी बाजूला घ्यायची."

मग तपासणी. गाडी थंड असताना त्यांनी रबरी हातोडीने डब्यावर हलकेच मारलं. आत खुळखुळ झाली तर जाळी फुटलेली. झाली नाही. डिपस्टिक काढली, ऑइल जिथल्या तिथे. निळा धूर नाही. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकाला प्रेशर गेज लावला आणि गाडी अडीच हजार आरपीएमवर नेली. तिथं तीन पीएसआयच्या पुढे काटा गेला की धूर अडतोय असं समजायचं. आमचा काटा चारला टेकला. मी डोळे मिटले. काका म्हणाले, "अडलंय, पण पुरतं बंद नाही."

शेवटी सेन्सर परत लावून त्यांनी स्कॅनरवर दोन रेघा दाखवल्या. आपल्याकडे एप्रिल २०१३पासून बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं, त्यामुळे कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात. पुढच्याची रेघ सारखी वरखाली नाचते. कन्व्हर्टर धड असेल तर मागच्याची रेघ जवळपास शांत हवी. आमची मागची रेघही पुढच्याच्या तालावर नाचत होती. अगदी लग्नाच्या वरातीसारखी!

"आता ऐका," काका म्हणाले. "चार प्लग नवे. दोन नंबरची कॉइल नवी. एअर फिल्टर नवा. आधी हे. छप्पर गळत असताना फरशी पुसण्यात अर्थ नाही. मग टाकीत क्लीनरची बाटली घालू. पण बाटली म्हणजे अर्धंच औषध. उरलेलं अर्धं रस्त्यावर. हायवेला तास-दीड तास, अडीच ते तीन हजार आरपीएम, मध्ये थांबायचं नाही. त्यानंतर बघू. गॅरंटी देत नाही. झालं तर बेचाळीस हजार वाचले, नाही झालं तर बदलायचा आहेच."

बिल झालं पाच हजार आठशे. काकांनी कोड पुसून दिवा घालवला आणि विचारलं, "कुठं जाल?"

"सातारा," मी म्हटलं. तोंडातून पटकन गेलं.

एकशेदहा किलोमीटर. संक्रांतीला गेले होते, त्यानंतर नाही. तोवर जून उजाडला होता. पाच महिने मी रोज पाच मिनिटं फोनवर बोलत होते आणि मला वाटत होतं, आमचं व्यवस्थित चाललंय.

शनिवारी सकाळी साडेसहाला निघाले. कात्रजचा बोगदा ओलांडेपर्यंत गाडी रडतच होती. खेड शिवापूरनंतर रस्ता मोकळा झाला. काकांनी सांगितलं तसं चौथ्या गिअरमध्येच ठेवली. इंजिनाचा आवाज जास्त येत होता, हात सारखा पाचव्याकडे जात होता. शिरवळच्या अलीकडे तो कुजका वास एकदम भपकन आला, एवढा की मला वाटलं, गेलं आता सगळं. काचा खाली केल्या. नीरेचा पूल गेला. थोड्या वेळाने लक्षात आलं, वास येत नाहीये. कधी गेला कळलंच नाही.

आणि खंबाटकीचा घाट! तिथं खरी परीक्षा होती. पुढे उसाचा ट्रॅक्टर नव्हता म्हणून बरं, पण एक कंटेनर होता. तिसरा गिअर टाकला, पाय दाबला, आणि मागून कुणीतरी हात लावल्यासारखी गाडी वर गेली. मी एकटीच मोठ्याने ओरडले. कंटेनरच्या ड्रायव्हरने वळून बघितलं.

सुरूर फाट्यावर चहा प्यायची इच्छा होती, पण 'थांबायचं नाही' हे औषधावर लिहिलेलं. सव्वाआठला घरी. बाबा फाटकाशी उभे. मी आले याच्यापेक्षा त्यांना गाडीची जास्त काळजी. "दिवा गेला?"

"गेलाय. परत येतो का बघायचं."

वाटेत मी मनात एक वाक्य तयार केलं होतं. "बाबा, गाडी तुम्हीच बिघडवलीत!" हसत हसत म्हणायचं होतं. पोहे खाताना त्यांनीच विचारलं, "कशामुळं झालं म्हणाले?"

मी सांगितलं. प्लग, काजळी, पाच मिनिटं, सगळं. हसत नाही सांगता आलं. बाबांनी बशीतला लिंबाचा तुकडा उगाच पिळला.

"लॉकडाऊनमध्ये सुरू केलं," ते म्हणाले. "बॅटरी उतरू नये म्हणून. सगळेच करत होते तेव्हा." थोडं थांबले. "मग तुझी आई गेली. सकाळी घरात भांड्यांचा आवाज नाही, काही नाही. गाडी सुरू केली की जरा आवाज व्हायचा. तेवढ्यात तुझा फोन लावायचो."

मी पोह्यांकडे बघत बसले. मला माहीत नव्हतं. रोज ऐकत होते आणि माहीत नव्हतं.

नंतर मी म्हटलं, "बाबा, चला, कासला जाऊन येऊ. गाडीला रस्ता लागतो. तुम्ही चालवा."

"आत्ता? आत्ता तिथं फुलं नाहीत."

"फुलं कुणाला बघायचीत?"

डोळ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं, डॉक्टरांनी गाडी चालवायला कधीच परवानगी दिली होती. तरी त्यांनी चष्मा दोनदा पुसला. यवतेश्वरच्या घाटात पहिली दोन वळणं फार हळू घेतली. तिसऱ्या वळणावर गिअर खाली टाकून अशी काही वर काढली की मी दरवाजाच्या हँडलला धरलं. कासपर्यंत पंचवीस किलोमीटर, परत पंचवीस. आम्ही आईबद्दल बोललो. तिला घाट लागायचा, ती पर्समध्ये आवळासुपारी ठेवायची. एवढंच. पण पाच मिनिटांत ते बोलून झालं नसतं.

पुण्यात परत आल्यावर आधी पीयूसी. तीच व्हॅन, तोच मुलगा. नळी घातली, स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काढून टाकलं का मॅडम कॅट?"

"साफ केलं."

"पास आहे," तो जरा नाराजीने म्हणाला. सव्वाशे रुपये. यावेळी सुट्टे होते.

नंतर काकांकडे गेले. प्रेशर गेजचा काटा दोनच्या खाली. मागच्या सेन्सरची रेघ पूर्ण शांत नव्हती, पण वरात थांबली होती. "जाळीचं वय झालंय," ते म्हणाले. "कायमची नवी नाही झाली. पण चालवत राहाल तर बरीच टिकेल."

म्हणून तुमच्याही घरी कुणी रोज सकाळी गाडी पाच मिनिटं सुरू करून ठेवत असेल, तर त्यांना सांगा. बंद गॅरेजमध्ये तर अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास नीट फिरवून आणा. पिकअप गेला, मायलेज पडलं, कुजका वास आला, पिवळा दिवा लागला, तर आधी प्लग, कॉइल आणि ऑइल तपासून घ्या, मग कन्व्हर्टर साफ करायचा की बदलायचा ते ठरवा. आणि लांबून फिरून आलात की वाळक्या गवतावर गाडी लावू नका. खालचा डबा चांगलाच तापलेला असतो.

दिवा परत लागलेला नाही. दर दुसऱ्या शनिवारी मी साताऱ्याला जाते. पुणे ते सातारा मी चालवते, सातारा ते कास बाबा. एका शनिवारी महत्त्वाचं काम आलं, म्हणून मी फोन करून म्हटलं, "बाबा, या वेळी नाही जमणार."

"बरं," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "पण मग गाडीचं काय?"

मी काम रविवार रात्रीवर ढकललं आणि निघाले. साडेआठचा फोन त्या दिवशी झालाच नाही. तेव्हा मी खंबाटकीत होते.